नेटवर्कवरून लिनक्स : कोऱ्या यंत्रांना जागे करणारी बूट इमेज

एका संगणकावर लिनक्स बसविणे हे आता कौतुकाचे काम राहिलेले नाही. सीडी वा पेनड्राइव्ह लावावा, पडद्यावरील प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि अर्ध्या तासात यंत्र कामाला लावावे, इतके ते सोपे झाले आहे. परंतु यंत्रे पाचशे असतील, तर प्रत्येकी अर्धा तास या हिशेबाने अडीचशे तास लागतात; म्हणजे रोज आठ तास बसणाऱ्या एका माणसाचा महिनाभराहून अधिक काळ. वेळेचा हा अपव्यय एक वेळ सोसता येईल. खरा धोका निराळाच आहे. माणूस थकतो. तिसाव्या यंत्रावर त्याने दिलेले उत्तर तीनशेव्या यंत्रावर दिले जाईलच, याची खात्री नसते. एखाद्या यंत्रात गणिती लायब्ररीची जुनी आवृत्ती राहून जाते, एखाद्याचे घड्याळ चुकीचे राहते. अशी यंत्रे एकाच गणिताचे तुकडे वाटून घेऊन सोडवू लागली, की एका यंत्रातील फरक साऱ्या उत्तराला बाधू शकतो. आणि तो कोठून आला, हे शोधण्यात आठवडे जातात.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे नेटवर्कवरून होणारी स्वयंचलित स्थापना. यंत्रात सीडी नाही, डिस्क कोरी आहे, समोर कळफलक व पडदाही नाही. वीज दिली, की ते यंत्र स्वतःच तारेवरून एक लहानशी लिनक्स मागवून घेते, तिच्या आधारे उठून उभे राहते आणि उरलेली संपूर्ण प्रणाली स्वतःवर बसवून घेते. ती पहिली लहानशी लिनक्स म्हणजेच बूट इमेज. तयार मिळणारी इमेज पुष्कळदा चालून जाते. पण जेथे ती चालत नाही, तेथे ती आपल्या यंत्रांच्या मापाने बेतावी लागते.

ट्रॉम्बेची गरज

मुंबईत या विद्येचा संबंध सर्वात जवळून येतो तो ट्रॉम्बेशी. येथील भाभा अणुसंशोधन केंद्राला गणनयंत्रांची परंपरा आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या व १९६७ साली होमी भाभा यांचे नाव मिळालेल्या या संस्थेतील अभियंत्यांच्या आराखड्यावरून घडलेल्या टीडीसी-१२ या १९६९ च्या यंत्राच्या नावातले पहिले अक्षरच ट्रॉम्बेचे होते. पुढे १९९१ साली केंद्राने ‘अनुपम’ ही समांतर संगणकांची मालिका सुरू केली. त्याच सुमारास पुण्यात सी-डॅकचा ‘परम’ आकार घेत होता. दोन्हींमागील कारण एकच. अमेरिकी महासंगणक भारताला सहजासहजी मिळत नसत, आणि मिळाले तरी त्यांचा वापर कशासाठी करायचा याच्या अटी सोबत येत.

अनुपमचे पहिले अवतार इंटेलच्या आय-८६० प्रक्रियकांवर बेतलेले होते. नंतर बाजारात सहज मिळणारे पेंटियम संगणक, त्यांना जोडणारे वेगवान नेटवर्क आणि वर लिनक्स, अशी मांडणी आली. २००५ सालच्या ‘अनुपम-अमेय’मध्ये ५१२ प्रक्रियक होते व त्याचा वेग सुमारे १.७ टेराफ्लॉप्स होता. २०१०-११ च्या सुमारास आलेल्या ‘अनुपम-अध्या’ने ४७ टेराफ्लॉप्सपर्यंत मजल मारली. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्यातीवर निर्बंध असलेल्या संस्थांच्या यादीत या केंद्राचे नाव घातले होते; ते २०२५ च्या जानेवारीत वगळण्यात आले. मधल्या पाव शतकात ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणाच्याही परवानगीविना हाती येतो, अशा लिनक्सचे मोल ट्रॉम्बेसारख्या ठिकाणी काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

या विषयात ट्रॉम्बेचा सहभाग केवळ ग्राहकाचा नाही. जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेतील महाकाय कणत्वरकातून येणारी माहिती जगभरच्या संगणकांवर वाटून देण्यासाठी जी ग्रिड उभारली गेली, तिच्या सॉफ्टवेअरसाठी भारताचा अणुऊर्जा विभाग व सर्न यांच्यात २००२ साली सहकार्य ठरले. त्यात भाभा केंद्रातील अभियंत्यांनी जी कामे हाती घेतली, त्यांत ‘क्वाटर’ या साधनसंचाची सुधारणा हे एक होते. हजारो यंत्रांवर लिनक्स बसविणे आणि ती यंत्रे एकसारखी राखणे, हेच क्वाटरचे काम. त्याविषयी पुढे येईल. आधी यंत्र जागे कसे होते, ते पाहू.

जागे होण्याची पद्धत

नेटवर्क कार्डाच्या आतच एक छोटा प्रोग्रॅम कोरलेला असतो. इंटेलने १९९० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या पीएक्सई या मानकाप्रमाणे तो चालतो. वीज मिळताच तो नेटवर्कवर हाक देतो : मी अमुक क्रमांकाचे कार्ड, मला पत्ता द्या. डीएचसीपी सर्व्हर ती हाक ऐकतो, त्या यंत्राला आयपी पत्ता देतो आणि सोबत दोन गोष्टी सांगतो : पुढची फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे आणि तिचे नाव काय. ही फाइल टीएफटीपी या अगदी साध्या पद्धतीने आणली जाते. लिनक्सच्या जगात ती बहुधा एच. पीटर अन्व्हिन यांच्या सिसलिनक्स प्रकल्पातील पीएक्सई-लिनक्स ही असते.

पीएक्सई-लिनक्स मग स्वतःसाठी सूचना शोधते, आणि तिची शोधण्याची रीत मोठी मजेदार आहे. प्रथम ती यंत्राच्या विशिष्ट ओळखक्रमांकाच्या नावाची फाइल मागते. नंतर कार्डाच्या क्रमांकामागे ०१ जोडून त्या नावाची. तीही नसेल, तर आयपी पत्ता सोळाच्या पायात लिहून, म्हणजे १९२.०.२.९१ या पत्त्यासाठी सी००००२५बी. ती न मिळाल्यास शेवटचे एक अक्षर गाळून, मग आणखी एक गाळून, असे करीत शेवटी सर्वांसाठीच्या सामाईक फाइलपर्यंत येते. या उतरंडीचा लाभ असा, की एका यंत्रासाठी, एका रांगेसाठी वा साऱ्या दालनासाठी वेगवेगळ्या सूचना केवळ फाइलींच्या नावांवरून ठेवता येतात.

त्या सूचनांत दोन फाइलींची नावे असतात : लिनक्सचे कर्नल आणि इनिटआरडी. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. इनिटआरडी म्हणजे स्मृतीतच उभी राहणारी तात्पुरती डिस्क. तिच्यात मोजकी साधने, ड्रायव्हर आणि इन्स्टॉलरचा पहिला टप्पा भरलेला असतो. या दोन्ही मिळून बूट इमेज बनते. शिवाय कर्नलला एक ओळ दिली जाते, जिच्यात उत्तरपत्रिका कोठे आहे, ते लिहिलेले असते. रेड हॅट घराण्यात या उत्तरपत्रिकेला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, सुझेमध्ये ऑटोयास्ट. डिस्कचे भाग कसे पाडावेत, कोणती पॅकेजेस घ्यावीत, घड्याळ कोणत्या वेळेवर लावावे, अशा सर्व प्रश्नांची उत्तरे तिच्यात आधीच लिहिलेली असतात. म्हणूनच कळफलकाची गरज उरत नाही.

कोंबडी आधी की अंडे?

इमेज स्वतः बेतण्याची वेळ बहुतेकदा एकाच कारणाने येते. पीएक्सई नेटवर्क कार्ड चालविते ते स्वतःच्या अंगभूत प्रोग्रॅमने. कर्नल एकदा उठले, की तो आधार सुटतो आणि कर्नलला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. यंत्र नवे असेल आणि इन्स्टॉलर जुना, तर इनिटआरडीत तो ड्रायव्हर नसतो. ड्रायव्हर सर्व्हरवर आहे. सर्व्हरपर्यंत जायला नेटवर्क हवे. आणि नेटवर्कसाठी ड्रायव्हर हवा! ज्या कार्डावरून क्षणापूर्वी सारी इमेज उतरली, तेच कार्ड सापडत नाही असा संदेश पडद्यावर पाहून नवशिक्या व्यवस्थापक चक्रावतो, तो यामुळे. वैज्ञानिक संस्थांत हा प्रसंग हमखास येतो. तेथील सॉफ्टवेअर एखाद्या ठराविक, तपासून घेतलेल्या लिनक्स आवृत्तीशी बांधलेले असते आणि यंत्रांची खरेदी मात्र दरवर्षी नव्या बनावटीची होते.

मग इनिटआरडी उघडावी लागते. २.४ मालिकेच्या कर्नलच्या काळात ती बहुधा ईएक्सटी-२ प्रकारच्या फाइल प्रणालीची दाबलेली प्रत असे. ती लूप पद्धतीने माउंट करून आत फाइली ठेवता येत, पण तिचा आकार ठरलेला असल्याने जागा पुरत नसे. २.६ मालिकेपासून इनिटरॅमएफएस आली. ही सीपीआयओ पद्धतीने बांधलेली व जीझिपने आवळलेली गाठोडी. एका रिकाम्या निर्देशिकेत ती सोडावी, आत हवा तो ड्रायव्हर घालावा, ड्रायव्हरांच्या परस्परावलंबनाची यादी नव्याने तयार करावी आणि पुन्हा बांधून आवळावी.

सांगायला हे सोपे आहे; तपशिलात मात्र तीन खाचा आहेत. पहिली, ड्रायव्हर नेमक्या त्याच कर्नलसाठी संकलित केलेला हवा. आवृत्तीच्या शेवटच्या आकड्यात फरक असला, तरी कर्नल तो सहसा नाकारते, आणि हेच योग्य. दुसरी, पुन्हा बांधताना सीपीआयओचा ‘न्यूसी’ हा प्रकारच वापरावा लागतो. सवयीने दुसरा प्रकार निवडला, तर कर्नल गाठोडी ओळखत नाही आणि मूळ फाइल प्रणाली सापडत नसल्याची तक्रार करून थांबते. तिसरी खाच फाइलींच्या मालकीची. सामान्य वापरकर्ता म्हणून गाठोडी सोडली, की उपकरणांच्या विशेष फाइली तयारच होत नाहीत आणि बाकीच्यांची मालकी बदलते. हे काम रूट म्हणून, किंवा तसा भास निर्माण करणाऱ्या फेकरूट या साधनाखाली करावे.

याहून सुटसुटीत वाटही आहे, आणि ती अनेकांना ठाऊक नसते. कर्नल एकापाठोपाठ जोडलेल्या अनेक गाठोड्या स्वीकारते. नंतरची आधीच्यावर पसरते. म्हणजे मूळ इनिटआरडीला हात न लावता केवळ आपल्या भरीची छोटी गाठोडी करून ती तिच्या मागे जोडता येते. पीएक्सई-लिनक्समध्ये तर दोन नावे स्वल्पविरामाने लिहिली, तरी पुरते. वितरकाची इमेज जशीच्या तशी राहते आणि आपण काय बदलले, ते वेगळे दिसते. जेथे ही वाट चालते तेथे तीच घ्यावी. इमेज उघडून आत डागडुजी करणाऱ्याला सहा महिन्यांनी आपण काय केले होते, हे आठवत नाही.

काही वेळा ड्रायव्हर असूनही स्थापना अडते. यंत्राला दोन वा चार नेटवर्क पोर्ट असले, तर इन्स्टॉलर कोणत्या पोर्टवरून बोलायचे, हे विचारत थांबतो. विचारतो कोणाला, समोर तर कोणीच नाही! अशा वेळी पीएक्सई-लिनक्सला ज्या कार्डावरून बूट झाले, त्याचा क्रमांक कर्नलच्या ओळीत जोडायला सांगता येते. आणखी एक जुने दुखणे स्विचचे आहे. तार जोडल्यावर नेटवर्कात वेटोळे तर नाही ना, हे तपासण्यासाठी स्पॅनिंग ट्री पद्धतीचा स्विच सुमारे अर्धा मिनिट पोर्ट बंद ठेवतो. तेवढ्यात इन्स्टॉलर पत्ता मागून, वाट पाहून निराश झालेला असतो. दोष इमेजमध्ये शोधत दिवस घालविण्याआधी स्विचची ही मांडणी पाहावी. संगणक जोडलेल्या पोर्टांवर हे थांबणे बंद करता येते.

अशी इमेज खऱ्या यंत्रावर चालविण्याआधी आभासी यंत्रावर तपासण्याची सोय आहे. फाब्रिस बेलार यांच्या क्यूईएमयूमध्ये टीएफटीपी सर्व्हर अंगभूतच असतो. खऱ्या यंत्राचे कार्ड तेथे नसल्याने ड्रायव्हरची कसोटी लागत नाही; पण गाठोडी उघडते की नाही आणि उत्तरपत्रिका वाचली जाते की नाही, हे दोन मिनिटांत कळते.

पाचशे जण एकाच दाराशी

टीएफटीपी ही १९८१ मधली, मुद्दाम साधी ठेवलेली पद्धत. एक ठोकळा पाठवायचा, पोच येईपर्यंत थांबायचे, मग दुसरा. मूळ ठोकळा ५१२ बाइटचा आणि ठोकळ्यांचा क्रमांक सोळा बिटांचा. त्यामुळे ठोकळ्याचा आकार वाढविला नाही, तर ३२ मेगाबाइटपाशी क्रमांक संपतात. जुन्या इमेज यात मावत. आताच्या मावत नाहीत.

गर्दीचा हिशेबही करून पाहावा. इनिटआरडी ५० मेगाबाइटची आणि यंत्रे पाचशे, म्हणजे २५ गिगाबाइट. सर्व्हरची तार एक गिगाबिटची असेल, तर ती सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट नेईल; म्हणजे केवळ इमेज पोचायला किमान २०० सेकंद. पुढे प्रत्येकी एक गिगाबाइट पॅकेजेस धरली, तर तासाहून अधिक. प्रत्यक्षात इतके सुरळीत होत नाही. सर्वांनी एकदम मागणी केली, की पोच हरवतात, यंत्रे कंटाळून पुन्हा पहिल्यापासून मागू लागतात आणि गर्दी वाढतच जाते. यासाठी यंत्रांना टप्प्याटप्प्याने वीज देणे, दर काही कपाटांमागे एक दुय्यम सर्व्हर ठेवणे, मोठ्या फाइली एचटीटीपीवरून आणणे असे उपाय आहेत. सॅन दिएगो येथील महासंगणक केंद्रात २००० साली सुरू झालेल्या ‘रॉक्स’ या वितरणाने तर बसवून होत असलेली यंत्रेच शेजाऱ्यांना पॅकेजेस वाटतील, अशी योजना केली. रॉक्सचा आणखी एक विचार मोलाचा ठरला : बिघडलेल्या यंत्राच्या प्रणालीची दुरुस्ती करीत बसू नये, ते सरळ पुन्हा स्थापित करावे.

पुसणारा हात

पुनःस्थापना इतकी सोपी झाली, की तिचे भयही तितकेच मोठे होते. उत्तरपत्रिकेची पहिली आज्ञा सहसा डिस्क पुसण्याचीच असते आणि ती कोणालाही विचारत नाही. स्थापना संपल्यावर यंत्र पुन्हा सुरू होते. त्याच्या बूट क्रमात नेटवर्क पहिले असेल आणि सर्व्हरवरील सूचना तशीच राहिली असेल, तर ते पुन्हा इमेज मागते, पुन्हा डिस्क पुसते, पुन्हा बसविते. आणि हे चक्र सकाळी कोणी पाहीपर्यंत रात्रभर चालते. यात वेळच जातो. पण सामाईक सूचना फाइलीत स्थापना हीच मूळ निवड ठेवली असेल आणि एखादे माहितीने भरलेले यंत्र वीज जाऊन-येऊन पुन्हा सुरू झाले, तर महिन्यांचे काम पुसले जाते. सामाईक फाइलीत नेहमी स्थानिक डिस्कवरून बूट व्हावे असेच लिहिलेले असावे आणि स्थापनेची आज्ञा केवळ त्या त्या यंत्राच्या नावाने, एका वेळेपुरती असावी. या बाबतीत दुसरे मत असू नये.

क्वाटरची रचना पाहिली, की हा विचार तेथे कसा मुरला होता, ते दिसते. प्रत्येक यंत्र कसे असावे, याचे वर्णन पॅन या भाषेत लिहून मध्यवर्ती कोठारात ठेवले जाते. त्या वर्णनावरून एआयआय हा घटक डीएचसीपीची नोंद, पीएक्सईच्या सूचना आणि किकस्टार्टची उत्तरपत्रिका स्वतःच तयार करतो. स्थापना पुरी होताच यंत्र सर्व्हरला तशी पोच देते आणि सर्व्हर त्याच क्षणी त्या यंत्राची सूचना बदलून स्थानिक डिस्ककडे वळवितो. इन्स्टॉलर बसवितो तो केवळ सांगाडा. उरलेली पॅकेजेस व सेवांची मांडणी यंत्रावरील क्वाटरचे घटक कोठारातील वर्णनाशी ताडून करतात आणि पुढेही करीत राहतात. त्यामुळे नवे यंत्र आणि दोन वर्षांचे यंत्र यांत फरक राहत नाही. सर्नने २०१२-१३ च्या सुमारास क्वाटर सोडून पपेट स्वीकारले; तरी इंग्लंडमधील रदरफर्ड ॲपल्टन प्रयोगशाळा व बेल्जियममधील घेंट विद्यापीठ अशा संस्थांनी ते पुढे नेले.

सुरक्षिततेची बाजू मात्र या साऱ्या पद्धतीत मुळापासून लंगडी आहे. डीएचसीपीची हाक जो आधी ऐकेल, त्याचे उत्तर यंत्र मानते. टीएफटीपी कोणालाही ओळख विचारत नाही. उत्तरपत्रिकेत रूटचा पासवर्ड सांकेतिक रूपात असला, तरी ती फाइल नेटवर्कवरील कोणीही उतरवून घेऊन तो फोडत बसू शकतो. म्हणून स्थापनेचे नेटवर्क वेगळे ठेवणे, उत्तरपत्रिकेत तात्पुरताच पासवर्ड देणे आणि कोणतीही गुप्त किल्ली इमेजमध्ये न भरणे, हे पथ्य पाळावे लागते. जुन्या बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयमध्ये सिक्युअर बूटमुळे कर्नलवरील सही तपासली जाते, आणि २०१५ च्या आवृत्तीपासून एचटीटीपीवरून बूट करण्याची सोयही मानकात आली. तथापि नेहमीच्या मांडणीत ती सही इनिटआरडीवर नसते. म्हणजे आपण घातलेली भर कोणी बदलली, तर सिक्युअर बूटला ते कळेलच असे नाही.

आता इनिटआरडी हाताने बांधण्याऐवजी ड्रॅकट हे साधन वापरले जाते. पीएक्सई-लिनक्सच्या जागी ग्रब किंवा आयपीएक्सई आले. सायंटिफिक लिनक्स, जी अशा प्रयोगशाळांची वर्षानुवर्षे सोबत करीत होती, तिच्या सातव्या आणि अखेरच्या आवृत्तीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. किकस्टार्ट मात्र अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स यांच्यासारख्या आजच्या वितरणांत जवळपास त्याच रूपात चालते आहे.

ज्याला हे घरी करून पाहायचे असेल, त्याला दोन जुने संगणक, एक स्विच आणि डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम पुरेसा आहे. डीएचसीपी व टीएफटीपी ही दोन्ही कामे तो एकटा करतो. दोन्ही यंत्रे घरच्या राउटरपासून सोडवून केवळ त्या स्विचला जोडावीत. हा प्रयोग कचेरीच्या वा महाविद्यालयाच्या चालू नेटवर्कवर मात्र करू नये. तेथे आधीच एक डीएचसीपी सर्व्हर असतो. दुसरा उभा राहिला, की शेजारच्या दालनातील यंत्रे त्याच्याकडून चुकीचे पत्ते घेऊ लागतात, आणि त्यांतले एखादे नेटवर्कवरून बूट होणारे असेल, तर त्याच्या डिस्कचे काय होईल, ते वर आलेच आहे.